दोन आटे

उतईच्या रस्त्यावर गीतांजलीने ॲक्सिलरेटर दाबला आणि प्रेशरचा काटा लाल रेघेकडे झेपावला.

"बाबा, काल तर एक पॉइंट दोनच्या वर जात नव्हता. आज काय झालं याले?"

शेजारी बसलेल्या देवीदासांच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी लेक आंघोळीला गेल्यावर त्यांनीच बॉनेट उघडून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या बारीक नळीवरचा स्क्रू दोन आटे सैल केला होता. कारखान्यात भट्टीला हवा पुरवणाऱ्या ब्लोअरवर तेहतीस वर्षं काढलेला माणूस! प्रेशर चढलं की व्हॉल्व्ह उघडायचा, ते उतरतं. पोरीने गाडी जास्त पळावी म्हणून कॅम्प भागातल्या मिस्त्रीकडून टर्बोत नसते उद्योग करून घेतले, तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

पण काटा चढतच होता. गीतांजली ट्रकला ओव्हरटेक करायला निघाली. बोलावं तर तेहतीस वर्षांची अब्रू जाणार. इंजिनातून खडखड ऐकू आली.

"पाय काढ! गीता, पाय काढ!"

गाडी मागे राहिली, ट्रक निघून गेला. तिने ती रस्त्याच्या कडेला थांबवली.

"तो स्क्रू म्याच उघडला," देवीदास म्हणाले. "प्रेशर उतरावं म्हणून."

"वो उल्टा है, बाबा! त्या नळीतली हवाच झडपेले ढकलून उघडते, तेव्हा जास्तीचं प्रेशर थांबते. तुमी हवा सोडून देली, झडप उघडलीच नाई. इंजिन फुटलं असतं! मले विचारलं कावून नाई?"

लेकीला विचारायची लाज वाटली होती, आणि आता तिच्याकडे बघायची वाटत होती.

ती खाली उतरून स्क्रू आवळू लागली. ब्लोअरवर एक नियम होता. व्हॉल्व्हला हात लावला, की लॉगबुकात लिहिल्याशिवाय जागचं हलायचं नाही. देवीदास कधी चुकले नव्हते. त्यांनी खणातून गाडीचं सर्व्हिस बुक काढलं, खिशातल्या पेनाने लिहिलं: 'सकाळी सात-दहा. स्क्रू दोन आटे उघडला. न विचारता.' खाली पूर्ण सही केली.

गीतांजलीने ते वाचलं. त्याखाली 'बंद केला' लिहून स्वतःची सही केली आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मी चालवते. रीडिंग तुमी सांगा."

"एक," देवीदास म्हणाले. "एक पॉइंट एक. पॉइंट दोन."

काटा तिथेच थांबला. देवीदासांनी पेन काढून तेही रीडिंग दोन्ही सह्यांखाली लिहिलं.