हिवाळ्यात चढणारा वास

पाईनच्या झाडाला उन्हाळ्यात घाम फुटतो, असं मी पाहुण्यांना सांगते. शास्त्रज्ञ मंडळी नाक मुरडतात, मुरडू देत. ऊन तापलं की झाडाचा वास हवेत सुटतो, थंडी पडली की झाड तोंड मिटून बसतं. गेली एकोणीस वर्षं मी महिन्यातून दोनदा एकाच फांदीवर पारदर्शक पिशवी बांधते, आतली हवा बारीक नळीत ओढते आणि नळी प्रयोगशाळेत नेऊन देते. माझ्या कामाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

आमच्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी आहे. मला मावशी म्हणते आणि माझ्या डब्यावर हक्काने डल्ला मारते. माझ्या नळ्यांत तिला एक नवल सापडलं होतं. बाकी सगळे वास हिवाळ्यात उतरायचे, एकच तेवढा, लिंबासारखा, चढायचा. सलग तीन हिवाळे. तिचा अख्खा प्रबंध त्यावर उभा होता. महिनाअखेर तो दिला की परगावची नोकरी पक्की, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

सोमवारी जेवण उरकून मी नळ्यांतले वास मोजणाऱ्या यंत्राच्या खोलीत गेले आणि बोलता बोलता संत्रं सोलायला घेतलं. यंत्र चालवणारा वैतागलाच. "काकू, बाहेर जाऊन खा बरं. तुमच्या संत्र्याने माझा आलेख कुठल्या कुठे नेला."

मी पडद्याकडे पाहिलं. लिंबाच्या वासाची ती उडी मी चांगली ओळखत होते.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी फळं खायला सांगितली, तेव्हापासून आमचे हे थंडीत रोज डब्यात संत्रं टाकतात. मी ते झाडाखाली बसून खाते आणि त्याच हातांनी पिशवी बांधते. हात धुते की. पण बाटलीतल्या घोटभर पाण्याने सालीचं तेल थोडंच जातं?

तीन दिवस मी तोंडातून शब्द काढला नाही. घरी ह्यांच्याशी उगाच भांडले, त्या बिचाऱ्यांचा काय दोष. पोरीच्या नोकरीवर पाणी फिरवायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, एकोणीस वर्षांचं नावही सांभाळायचं होतं.

गुरुवारी तिच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगून टाकलं. "तीन दिवस लपवलं मी," म्हटलं. "आता काय बोलायचं ते बोल."

खणातून एक कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

"मागच्या थंडीत तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन महिने नळ्या मी भरल्या होत्या. चार नळ्या. त्यांत तो वास नव्हताच." तिने मान खाली घातली. "मला नीट भरता आल्या नसतील असं म्हणून मी त्या हिशेबातून गाळून टाकल्या. तसं नव्हतं, हे मला कळत होतं. मावशी, मी वर्षभर लपवलं."

मला तिचा राग आला. मग तिच्याकडे बघवेना, इतकं वाईट वाटलं. एवढीशी पोर वर्षभर हे एकटी घेऊन फिरत होती आणि माझ्या डब्यातलं हसत हसत खात होती.

तिने तिच्या सरांना पत्र लिहायला घेतलं. पहिली ओळ तीनदा खोडली.

"चूक मावशीची, असं लिही," मी म्हटलं. "माझं आता काय जातंय?"

"दोघींची लिहिते," ती म्हणाली, आणि स्वतःचं नाव आधी घातलं.