उरलेली सही

व्हरलीन टब्जने वॉकर रस्त्याच्या कडेला रोवला आणि पार्सलवाल्याची गाडी थांबवायला हात वर केला. हातात टपाली मताचा लखोटा होता.

"साक्षीदाराची सही हवी होती रे. आधी मी तुझ्यासमोर करते, मग खाली तू करायची."

"माझी गेली, मिस व्हरलीन. आईच्या लखोट्यावर केली. नव्या कायद्याने एकाच लखोट्यावर करता येते ना आता. दुसरी केली की तुरुंग."

"मला शिकवतोस?"

तो ओशाळला. हा कायदा हाणून पाडायला ही बाई चर्चची टोपी घालून पार राजधानीला गेली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या घरात दुसरं माणूसच नाही त्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असं तिने सुनावणीत समितीला विचारलं होतं. वेळ संपली म्हणून माइक बंद झाला. तेव्हा ती गावाच्या वतीने बोलत होती. स्वतःचा विचार तिच्या डोक्यातही नव्हता, कारण तिचा नवरा क्लिओफस तेव्हा जिवंत होता.

पूर्वी निवडणूक आली की रविवारी चर्च सुटल्यावर अर्धी गल्ली तिच्या स्वयंपाकघरात यायची. एकेक जण तिच्यासमोर सही करायचा, त्याखाली ती करायची आणि मग केक कापला जायचा. यंदा ज्याने त्याने घरच्या घरी उरकलं. नवऱ्याने बायकोला सही दिली, बहिणीने बहिणीला. कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण तिची सही मागायला एकही माणूस आला नाही, हे तिला फार झोंबलं.

घरात येऊन तिने मैत्रिणीला, युनिसला फोन लावला.

"बाई गं, तुझं डोक्यातच आलं नाही," युनिस म्हणाली. "माझी बहिणीला, लॉरेटाला देऊन बसले. जाववणार नाही का तुला मतदान केंद्रावर?"

"तालुक्याच्या गावी? तिथल्या रांगेत हा खुबा घेऊन उभी राहू?"

"मग केक पाठवू का?"

"केक सही करतो का?"

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर घर फारच शांत वाटलं. दुपारच्या टपालात लखोटा गेला नाही, तर पुढे त्याचा उपयोग नव्हता.

समोर एकच घर होतं, होलिस गँटचं. अंगणात दुसऱ्या पक्षाची पाटी. त्या सुनावणीत व्हरलीननंतर हाच गोरा म्हातारा उठला होता आणि कायद्याच्या बाजूने बोलला होता. "प्रामाणिक माणसाला एक साक्षीदार मिळत नाही का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, डार्लीनने त्याची पाठ थोपटली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. डार्लीन वारली तेव्हा व्हरलीनने अंत्ययात्रेच्या गाड्या खिडकीतूनच बघितल्या.

तिने ओठ घट्ट मिटले आणि रस्ता ओलांडला.

गँटने दार उघडलं, लखोटा बघितला आणि बाजूला झाला. टेबलावर उघडलेला सुपाचा डबा होता आणि त्यातच चमचा. तिने सही केली. त्याने चष्मा शोधला, खाली आपलं नाव आणि पत्ता लिहिला, सही केली.

"झालं?"

"झालं."

तेवढ्यात तिला फ्रिजवर चुंबकाने लावलेला लखोटा दिसला. तसाच लखोटा, सहीची जागा कोरी. गँटने तिची नजर पाहिली आणि तो सिंककडे वळून उगाच नळ घट्ट करू लागला.

व्हरलीनला आनंद झाला, अगदी पोटातून. त्याचं सुनावणीतलं तेच वाक्य कधीपासून तिच्या जिभेवर तयार होतं. ते म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं घरी जायचं होतं. ती दारापर्यंत गेली. समोर तिचं घर दिसत होतं. खिडकीत कुणी नव्हतं.

"मिस्टर गँट, पेन चालतंय ना अजून?"

तो वळला नाही. "मी मत कुणाला देतो ते माहीत आहे तुम्हाला."

"अंगणात एवढी पाटी लावलीय. आंधळी नाही मी."

"माझ्या मताने तुमचंच मत वाया जाईल."

"माझं मी बघेन. बसा. माझ्यासमोर करावी लागते."

तो बसला. चष्मा सारखा करून त्याने सही केली. मग तिने त्याखाली स्वतःची सही केली, सावकाश, पूर्ण नावाची. एके काळी सह्या करून तिच्या हाताला रग लागायची. यंदाची ही पहिली, आणि हीच शेवटची.

गँट तिच्यामागोमाग रस्त्यापर्यंत आला. त्याने आपल्या टपालपेटीत लखोटा टाकला आणि टपाल न्यायचं आहे हे कळावं म्हणून पेटीची लाल पट्टी वर केली. मग रस्ता ओलांडून तिचा लखोटा तिच्या पेटीत टाकला आणि तिचीही पट्टी वर केली, कारण तिला वॉकर सोडता येत नव्हता. आभार कुणी मानले नाहीत.

टपालवाली आली तेव्हा व्हरलीन खिडकीत उभी होती. समोरचा पडदाही बाजूला झालेला होता. बाईने दोन्ही लखोटे घेतले, एकावर एक ठेवून एकाच रबरात अडकवले आणि गाडी पुढे नेली.

रस्ता रिकामा झाल्यावरही समोरचा पडदा तसाच होता. व्हरलीनने ओव्हन लावला आणि केकचं मोठं, रविवारचं भांडं खाली काढलं.