मुलुंड फोडणारी पोर

माझ्या बहिणीसारखी हट्टी पोर अख्ख्या भांडुपात मिळायची नाही. ऋतिकाला अमेरिकेत एमएसला अ‍ॅडमिशन मिळाली, राहिला होता फक्त व्हिसा. तिकडचे लोक आता पोरांचं इन्स्टाही तपासतात, म्हणून तिने अकाउंट सगळ्यांना दिसेल असं करून ठेवलं. आणि त्यात दहीहंडीची ती पोस्ट! आमच्या पोरींच्या गोविंदा पथकाचा फोटो, वर लिहिलेलं, ‘उद्या मुलुंड फोडायचं! काही शिल्लक ठेवायचं नाही!’

“इंग्रजी भाषांतरात चक्क बॉम्बस्फोट होतोय,” एजंट राजेश म्हणाला. “काढून टाक.”

“का काढू? हंडी फोडली, गुन्हा नाही केला,” ऋतिका म्हणाली. “विचारलं तर सांगेन.”

मुलाखतीला मी सोबत गेले. वकिलातीत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून तिचा फोन माझ्याकडे. ती आत गेली आणि राजेशने मला फोन केला. “दीप्ती, पोस्ट अजून तशीच आहे! पोरीची वाट लागेल!”

मी घाईघाईने तिचा फोन बाहेर काढला. तिच्या फोनचं लॉक मला माहीत होतं. उडवली पोस्ट.

तासाभराने बाईसाहेब बाहेर आल्या. “ताई, पोस्ट तू काढलीस ना?”

मेले! “हो गं. का?”

“साहेबाने नेमकं तेच विचारलं. मी म्हटलं, उघडा, फोटोच दाखवते. उघडलं तर गायब! म्हणाला, सकाळी तर होती.”

“आणि पासपोर्ट कुठाय तुझा?”

“ठेवून घेतला.”

मी फुटपाथवरच रडायला लागले. हिच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर मी माझ्या हाताने पाणी ओतलं होतं.

“अगं येडे, ठेवून घेतला म्हणजे व्हिसा दिला! नाकारला की हातात परत देतात.”

तिला आधी एक धपाटा घातला, मग घट्ट मिठी मारली. काय छातीची पोर आहे! मी असते तर अकाउंटच माझं नाही म्हणून मोकळी झाले असते.

“पण पोस्ट गायब कशी, ते काय सांगितलंस?”

“खरं तेच. म्हटलं, फोन बाहेर ताईकडे आहे, तिने घाबरून काढली असणार. त्याने विचारलं, ती का एवढी घाबरते? म्हटलं, मी पडेन म्हणून. पाच वर्षं मी सगळ्यात वर चढतेय, आणि सगळ्यात खालच्या थरात ती उभी असते.”