अठ्ठावीसची हजेरी

बॅचच्या मेळाव्याला दारातल्या टेबलामागे हजेरीतली चौदा नंबर बसली होती. आता ती एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, पण चष्म्यावरून बघायची सवय कॉलेजातलीच. तिनं यादीवरून दोनदा बोट फिरवलं आणि निरीक्षकाच्या शर्टाला ‘पाहुणा’ असं लिहिलेला बिल्ला टोचला.

"तुझं नाव पुढच्या बॅचमध्ये येतं रे. त्यांचा मेळावा पुढच्या वर्षी आहे. तेव्हा ये ना."

"त्यांच्यातलं मी कुणालाच ओळखत नाही."

"मग ओळख होईल."

निरीक्षक लिफ्ट तपासतो. शहरातल्या शेकडो लिफ्टांमध्ये आरशाशेजारी त्याच्या सहीचं प्रमाणपत्र लटकतं आणि ते कुणीही वाचत नाही. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. वाटलं ते गेल्या महिन्यात. मुलीनं बॅचच्या माजी विद्यार्थी संघाच्या वेबसाइटवर यादी उघडली आणि विचारलं, "बाबा, तुम्ही यात कुठंच नाही. नक्की पास झाला होतात ना?" त्या यादीत नाव घालून घ्यायचं, एवढ्यासाठीच तो आला होता.

"जाताय खरे," बायको म्हणाली होती, "पण त्या माणसाचं नाव काढलं तरी तुम्हाला आंबट ढेकर येतात. समोर दिसला तर काय होईल?"

तो माणूस म्हणजे अठ्ठावीस. निरीक्षक सत्तावीस. दोघांचा बाक एक. ड्रॉइंगचा तास सकाळी आठला असायचा, आणि आठ वाजता जागा असलेला अठ्ठावीस त्याच्या आईनंही कधी पाहिला नसेल. दोन वर्षं सत्तावीसनं स्वतःची हजेरी स्वतःच्या आवाजात दिली आणि त्याची घशातून, जाड आवाजात. ड्रॉइंगच्या सरांचा नियम ठरलेला होता: उशिरा येणाऱ्याला माफी, पण खोटी हजेरी देणारा आणि द्यायला लावणारा, दोघंही सत्रभर बाद. शेवटच्या वर्षी सत्तावीस पकडला गेला. अठ्ठावीस सरांपुढे डोळे पुसत म्हणाला, "मी याला कधी सांगितलंच नव्हतं, सर. माझ्या वाईटावर आहे हा." पुरावा नव्हता. अठ्ठावीस सुटला, सत्तावीसचं वर्ष गेलं.

अठ्ठावीस आता वक्तशीरपणावर व्याख्यानं देतो. तिथंही उशिराच पोचतो, पण ऐकणाऱ्यांना तो व्याख्यानाचाच भाग वाटतो. संघाचा अध्यक्ष तोच होता. आज तीन वर्षांसाठी पुन्हा तोच होणार होता, कारण समोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती.

"अरे, सत्तावीस!" त्यानं निरीक्षकाच्या पाठीवर थाप मारली, दुखेल इतकी. "बिल्ला शोभतोय तुला."

"माझं नाव यादीत घाल."

"नियम म्हणजे नियम, राजा. आपण पास झाल्याचं वर्ष धरतो. आता वर्ष कुणी घालवलं?"

"तुला माहीत आहे."

"अजून तेच?" अठ्ठावीस चारचौघांकडे वळला. "बघा रे, आपण कुठल्या कुठं पोचलो, आणि हा अजून खाली-वर, खाली-वर."

अध्यक्षांचा विनोद असल्यामुळे सगळे हसले. चौदा नंबर तर दोनदा हसली.

निवडणुकीआधी हजेरी होती. संघाची घटना सरांनीच लिहिलेली. जो हजेरीत नाही तो मतदानात नाही, उमेदवारीत तर नाहीच. बाकी सगळे नियम ड्रॉइंगच्या तासाचेच. सर आता ब्याऐंशीचे. दिसतं कमी, ऐकू मात्र नको तेवढं येतं. त्यांच्यापुढे तेव्हाचंच, कापडी पाठीचं हजेरीबुक होतं. त्या बुकात सत्तावीस होता.

हजेरी सुरू झाली तेव्हा अठ्ठावीस खालच्या मजल्यावर रेडिओवाल्यांना मुलाखत देत होता. विषय ‘वेळेचं मोल’. निरीक्षकाच्या खिशात फोन थरथरला. अठ्ठावीसचा मेसेज: "मुलाखत लांबली. हजेरीला माझं तेवढं बघ. तुझं नाव आजच यादीत घालतो. जुनी दोस्ती आहे."

निरीक्षकानं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं ते प्रमाणपत्रावर सही करण्याआधी वाचतो तसं.

"सत्तावीस."

"हजर, सर."

सरांची पेन्सिल थांबली. "होतास कुठं इतकी वर्षं?" आणि त्यांनी खूण केली.

झालं. सरांनी बुकात केलेली खूण खोडायची हिंमत कुठल्याच समितीत नव्हती. मुलीला दाखवायला एवढं पुरे होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

"अठ्ठावीस."

पण गप्प बसलं तर अठ्ठावीस पाच मिनिटांनी धापा टाकत येणार, उशिराची माफी मागणार, ती त्याला मिळणार, आणि तो अध्यक्ष होणार.

"अठ्ठावीस आहे का?"

"हजर, सर," निरीक्षक घशातून, जाड आवाजात म्हणाला.

इतक्या वर्षांत आवाजाला जराही गंज चढला नव्हता. पहिल्या रांगेपासून सगळ्या माना मागे वळल्या.

"कोण बोललं?"

"मी, सर. सत्तावीस." तो उभा राहिला. "या वेळी लेखी आहे." आणि त्यानं मेसेज मोठ्यानं वाचला, ‘जुनी दोस्ती’सकट.

"पुन्हा वाच," सर म्हणाले.

दुसरं वाचन संपत आलं होतं, तेवढ्यात दार ढकलून अठ्ठावीस आत आला. "सॉरी, सर! पाचच मिनिटं..."

"उशीर चालला असता," सर म्हणाले.

त्यांनी पट्टी मागितली. ड्रॉइंगचा माणूस, नुसत्या हातानं रेघ मारत नाही. पट्टी लावून एक रेघ सत्तावीसवर, एक अठ्ठावीसवर. "दोघंही बाद. सत्र तीन वर्षांचं आहे."

"सर, हा माझ्या वाईटावर..."

"ते मागं ऐकलंय."

लिफ्टमध्ये दोघंच होते. अठ्ठावीसनं बटण तीनदा दाबलं. एकदा दाबलं तरी ती तेवढ्याच वेळात खाली जाते, हे निरीक्षकानं त्याला सांगितलं नाही.

"तुझंही नाव गेलं की रे, गाढवा," अठ्ठावीस म्हणाला. "मिळवलंस काय?"

निरीक्षक सवयीनं दोराचा आवाज ऐकत होता. आवाजात खोट नव्हती.

"सोबत," तो म्हणाला.