वहिनी नाहीत

"वहिनी आहेत का?" आजींनी काठी दाराशी टेकवत विचारलं.

"नाहीत," तो काउंटरमागून म्हणाला.

"बरं. मग बसते मी."

आणि त्या बसल्याच, आरशाखालच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन. आपण बोललेल्या शब्दाचा दुसराच अर्थ घेतला गेलाय, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर आजी पदराने चष्मा पुसू लागल्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. ते जुळवण्याचंही त्राण त्याच्यात नव्हतं. तो फ्रेमच्या ट्रेकडे बघत राहिला.

बायको गेली त्यानंतर आठवडाभराने, त्या दिवशीच, दुकान पुन्हा उघडलं होतं. चष्म्याचं दुकान, दोन नोकर: काउंटरवरच्या ताई आणि मागच्या खोलीत काचा घासणारा कारागीर. दोघंही तिला वहिनी म्हणत आणि त्याला साहेब. साहेबांची बायको वहिनी कशी, हे कोडं कुणाला पडलं नव्हतं. गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणायची. त्याला बहुधा काही म्हणायची वेळच येत नसे.

"अजून नाही आल्या?" बऱ्याच वेळाने आजींनी विचारलं. "कान दुखतोय हो माझा. त्यांनाच जमतं ते बसवणं."

माल लावून ताई मागून बाहेर आल्या. त्यांनी आजींकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काय घडलं असेल ते त्यांना कळलं. त्या आजींच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात सांगितलं.

आजींनी मांडीवरची पिशवी उगाच नीट केली. मग म्हणाल्या, "आणि मी मनात तिच्यावर चिडत होते. म्हटलं, दुकान सोडून कुठे उंडारतेय ही."

त्या उठल्या. "चष्मा देऊन जा, करून ठेवतो," तो म्हणाला.

"राहू द्या," आजी म्हणाल्या आणि काठी घेऊन निघून गेल्या.

त्याच दिवशी चारच्या सुमारास ताईंनी खांद्याला पर्स लावली.

"कुठे?"

"घरी."

"आत्ता?"

"सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, साहेब. सांभाळणारी बाई चारनंतर थांबत नाही. वहिनींना माहीत होतं."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही दुपारी घरी झोपायला जायचात. तुम्ही यायच्या आत मी गेलेली असायची. वहिनी सांगायच्या, ताईंना बाहेर काम आहे."

"सुटायची वेळ सात आहे," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. दारावरची पाटी वाचावी तसं तोंडातून निघून गेलं.

ताईंनी पर्स खाली ठेवली. जावेला फोन केला, आवाज दाबून तिच्या मिनतवाऱ्या केल्या आणि सातपर्यंत काउंटरवर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर पुसता पुसता म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या शोरूमवाल्यांनी बोलावलंय मला. महिनाअखेरपर्यंत आहे मी."

"बरं."

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. कारागीर हात पुसत दारात आला. एरवी दिवसभरात तो चार शब्द बोलला तरी डोक्यावरून पाणी.

"बरं काय, साहेब? अहो, बरं काय म्हणता? शोरूमवाल्यांनी मलाही बोलावलं होतं. मी वहिनींना सांगायला आलो तर त्या काय म्हणाल्या? म्हणाल्या, जरूर जा, तुमचं भलं होईल. मुलीचं कॉलेज आहे, चार पैसे जास्त मिळतील." तो थांबला. "आता असं म्हणणाऱ्या माणसाला सोडून कोण जाणार, सांगा!"

आणि आत जाऊन त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला. दात काढल्यावर गालाला हात लावावा आणि तो गाल दुसऱ्याचाच वाटावा, तसं गेले कित्येक दिवस चाललं होतं. फक्त एवढंच दिसत होतं की पंचवीस वर्षं ज्याला तो आपलं दुकान म्हणत आला, ते चालवणारं दुसरंच कुणीतरी होतं, आणि ते कसं चालवलं जातं हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्या दुपारीही तो झोपायला गेला नाही. चार वाजायला आले तसा काउंटरशी आला.

"ताई, निघा तुम्ही."

"सातपर्यंत आहे मी, साहेब. तुम्हीच म्हणालात."

तो तिथेच उभा राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "सासूबाई कशा आहेत?"

शाळेच्या नाटकात मुलाने पाठ केलेलं वाक्य म्हणावं तसं ते बाहेर पडलं. ताईंनी चमकून वर पाहिलं. चेष्टा तर नाही ना, हे जोखत असाव्यात.

"आहेत तशाच," त्या म्हणाल्या. "काल स्वतःच्या हाताने पाणी प्यायल्या."

"चांगलं झालं."

ताईंनी पर्स घेतली. दारातून "येते" म्हणाल्या. त्याला असं म्हणून त्या कधी गेल्या नव्हत्या.

महिना सरला. शोरूमचा विषय ताईंनी काढला नाही, त्यानेही नाही. एका सकाळी त्या म्हणाल्या, "आजी दिसल्या हो बाजारात. चष्मा दोऱ्याने बांधून फिरतायत. मी या म्हटलं, तर नको म्हणाल्या."

"राहतात कुठे?"

"बँकेच्या मागे, दुसरा मजला. वहिनी जायच्या अधूनमधून."

त्याने पक्कड आणि छोटा स्क्रूड्रायव्हर रुमालात गुंडाळला आणि निघाला.

आजींनी दार उघडलं, पण या म्हणाल्या नाहीत. तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मला तिच्यासारखं जमणार नाही. पण दुखायचं तरी थांबेल."

आजी दारातून बाजूला झाल्या. त्याने वाटीभर कढत पाणी मागितलं. चष्म्याची काडी त्यात धरून मऊ केली, वाकवली, आजींच्या कानामागे लावून पाहिली. तिथे चट्टा उठला होता. पुन्हा काढली, पुन्हा वाकवली. पाण्याने बोटं पोळत होती, हे त्याला उशिराच जाणवलं.

"हा कान खाली आहे माझा," आजी म्हणाल्या. "ती म्हणायची, देवाने घाईघाईत बसवलाय."

"तिने मला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

तो काडी वाकवत राहिला. चौथ्या खेपेला चष्मा नीट बसला. आजींनी मान इकडे तिकडे हलवून पाहिली, खिडकीबाहेर पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"दाढी का नाही केलीत?"

"राहून गेलं."

"करत जा. माणसं येतात दुकानात."

परत येताना रस्त्यापलीकडूनच त्याला दुकानाच्या काचेतून आतलं दिसलं. एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आली होती. म्हाताऱ्याने बायकांची लालभडक फ्रेम डोळ्यांवर चढवली होती आणि आरशात ऐटीत मान वळवून बघत होता. मुलीने कपाळाला हात लावला होता. ताई काउंटरला धरून हसत होत्या. त्यांच्यामागे कारागीरही मशीन सोडून येऊन हसत होता.

तो रस्ता ओलांडून दाराशी आला आणि थांबला. तो आत शिरला की ताई सरळ उभ्या राहणार, कारागीर मागे जाणार, हे त्याला माहीत होतं. तो कडेला भिंतीला टेकून उभा राहिला. आतलं हसू ओसरलं, बोलणं झालं, पावती फाटली.

बापलेक बाहेर आले. दाराशी कुणीतरी ताटकळतंय असं पाहून म्हाताऱ्याने त्याच्यासाठी दार धरून ठेवलं.

"जा ना आत," म्हातारा म्हणाला. "बुजू नका. चांगली माणसं आहेत."

"हो," तो म्हणाला, आणि आत गेला.