वेटिंग रूमचं सरकार

डॉक्टरांच्या घरात तळमजल्यावर दातांचा दवाखाना होता, मधल्या मजल्यावर बिऱ्हाड, आणि सगळ्यात वर एक लांबट खोली. त्या खोलीत दवाखान्यातली जुनी खुर्ची पडून होती, पाठ मागे झुकणारी, पेडल दाबलं की वरखाली होणारी. देश सोडून आलेला एक लेखक राहायला येणार असं ठरल्यावर वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, खोली झाडून घेतली, पलंग टाकला, पडदे लावले. खुर्ची मात्र जिन्यावरून खाली येईना.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "वर कशी नेली होती तेच आता आठवत नाही."

लेखकाने आल्या आल्या पलंगाकडे पाहिलंही नाही. तो खुर्चीत बसला, पेडल दाबून वर गेला, खाली आला, आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसला, असं पुढे तोच सांगायचा.

तो विनोदी लेखक होता. तिकडे एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला लिहायचा. एका मंत्र्याने एकाच पुलाचं उद्घाटन तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा तिथे पूल नव्हता, एवढंच त्याने लिहिलं होतं. त्यावरून वर्तमानपत्राला टाळं लागलं, संपादक तुरुंगात गेले, आणि बहिणीने त्याला कुणाच्या तरी गाडीत बसवून सीमेकडे धाडलं. अशा परागंदा लेखकांना आसरा देणारी आणि त्यांचं लिखाण इथल्या भाषेत आणणारी एक छोटी संस्था शहरात होती. वहिनी तिच्यासाठी भाषांतरं करायच्या. त्याची भाषा त्या कॉलेजात असताना निव्वळ हौसेने शिकल्या होत्या. ती कधी कामाला येईल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

घरात आणखी एक माणूस होतं. डॉक्टरांच्या आत्या. पोरक्या भाच्याला त्यांनीच वाढवलं होतं. टेलिफोन खात्यात जन्म गेल्यामुळे त्यांचा आवाज भिंतीपलीकडे सहज जायचा, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता दवाखान्याची वेटिंग रूम ताब्यात घेतली होती. आत कुणी आधी जायचं हे त्या ठरवायच्या. जो जास्त कण्हेल तो मागे. "ज्याला खरंच दुखतं त्याच्या तोंडातून आवाज निघत नाही," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी एकदोनदा विरोध करून पाहिला आणि मग तोंडात मूग धरले.

लेखकाला त्यांनी पहिल्याच दिवशी 'पाहुणा' म्हटलं, आणि तेच नाव घरात पडलं. वर एकट्याने बसून भाषा येणार नाही म्हणून त्या त्याला रोज खाली वेटिंग रूममध्ये बसवायच्या. त्यामुळे तो इथली भाषा शिकला ती सगळी दातांवरून. राहण्याच्या परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी त्याला बसायला सांगितलं, तेव्हा आभार मानायच्या ऐवजी तो अत्यंत अदबीने म्हणाला, "चूळ भरा." साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी खिडकीकडे पाहिलं.

पुढे पुढे त्याला दातांच्या म्हणींचा नाद लागला. दात-ओठ खाणं, दाताच्या कण्या करणं, हत्तीचे दाखवायचे दात आणि खायचे दात. नवीन काही ऐकलं की तो जिना चढून वर येऊन वहिनींना विचारायचा, "हे सगळं डॉक्टरांनी तयार केलं का?"

सगळं बरं चाललं होतं, फक्त तो विनोदी काही लिहीत नव्हता. संस्थेच्या बैठकींत त्याला नेहमी तेच विचारलं जायचं. सीमा कशी ओलांडली, झडती कशी झाली, आई कुठे आहे. तो सांगायचा आणि माणसं डोळे पुसायची. सीमेवरच्या त्या रात्रीबद्दल त्याने एक लेख लिहून दिला, वहिनींनी तो मन लावून भाषांतरित केला, आणि वाचन झाल्यावर सभागृहात कुणाला बोलवेना.

परत येताना पाहुणा म्हणाला, "वहिनी, इथली माणसं फार चांगली आहेत. पण मी तोंड उघडलं की सगळे रडतात. माझा धंदा बुडाला."

वहिनींना हसू आलं. त्या म्हणाल्या, "मग हसण्यासारखं लिहा ना. मी आहे भाषांतराला."

"कशावर लिहू? तिकडचं आता मला दिसत नाही. इथलं माझं नाही."

त्याला विषय कसा सापडला कोण जाणे, पण हिवाळा सरता सरता वरच्या खोलीतून खुर्ची वरखाली होण्याचा रोजचा आवाज येईनासा झाला. एके दिवशी दुपारी त्याने कागदांची चळत आणून वहिनींच्या टेबलावर ठेवली. वर नाव होतं, 'वेटिंग रूमचं सरकार'.

गोष्ट एका देशाची होती. देश एका खोलीएवढा. सीमेवर छत्र्यांचा स्टँड. प्रजेला सतत दुखत असतं, आणि जो तक्रार करतो त्याची पाळी शेवटी येते. वाचायला जुनी मासिकं, त्यातली शब्दकोडी सरकारने आधीच सोडवून ठेवलेली, आणि तीही चुकीची. राज्य चालवते एक आत्या. वहिनी हसत हसत भाषांतर करत गेल्या. एका शब्दाला मनाजोगता शब्द मिळाला की त्या उठून खोलीत एक फेरी मारायच्या. अशी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती.

मग शेवटून दुसरा परिच्छेद आला. त्यात लिहिलं होतं की ही आत्या साऱ्या प्रजेला आतल्या खोलीत पाठवते, पण स्वतः त्या दाराच्या आत कधी पाऊल टाकत नाही. तिची एक दाढ कधीची किडली आहे. ती एकाच बाजूने चावते, गार पाणी गालाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून गिळते, आणि कुणी पाहिलं तर शिंक आल्याचं सोंग करते. कारण सरकारला खुर्चीची भीती वाटते.

वहिनींचा हात थांबला. हे खरं होतं, आणि त्यांना ठाऊक होतं. आत्याबाईंनीच त्यांना शपथ घातली होती, "तुझ्या नवऱ्याला कळू देऊ नकोस. सगळ्या जगाचे दात काढतो आणि घरात आत्या घाबरट, असं नको." वहिनींनी बराच विचार केला. मग त्या परिच्छेदाच्या जागी दोन गोड वाक्यं घातली. आत्या थकून डुलकी काढते आणि प्रजा आपली आपण शहाण्यासारखी रांगेत बसते, अशी.

पाहुण्याला आता इथली भाषा वाचता यायची, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो भाषांतर घेऊन स्वयंपाकघरात आला. वहिनी भांडी पुसत होत्या. तो रागावलेला नव्हता. कागद टेबलावर ठेवून त्याने त्या दोन वाक्यांवर बोट ठेवलं.

"ही डुलकी छान आहे," तो म्हणाला. "पण माझी नाही."

"मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. घरातलं माणूस आहे. म्हातारं आहे."

"आमच्याकडे या कामासाठी सरकारी खातं होतं. तिथली माणसंही वाईट नव्हती. चहा द्यायची. म्हणायची, साहेबांना वाईट वाटेल, तेवढं एक वाक्य बदला."

वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला. हातातलं फडकं बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "पण मंत्री आणि आत्याबाई एक नव्हेत. मंत्र्याच्या हातात पोलीस आहेत. आत्याबाईंच्या हातात काय आहे, छत्र्यांचा स्टँड. त्यांनी मला शपथ घातली होती. तुम्ही पाहिलंत ते तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत, ते लिहायला तुम्ही मोकळे आहात. पण संस्थेच्या पुढच्या वाचनात, भर सभेत, त्यांना अचानक हे ऐकावं लागलं, तर तेही बरोबर नाही."

हे पाहुण्याला पटलं. तो उभ्या उभ्या टेबलावर बोटं वाजवत राहिला.

"आपलेच दात, आपलेच ओठ," तो शेवटी म्हणाला. "बरोबर बोललो?"

"अगदी बरोबर."

"मग मी तिला आधी वाचून दाखवतो. मीच. तुमच्या भाषेत. परवानगी नाही मागणार. पण आधी ऐकायचा मान तिचा."

त्या संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर रिकाम्या वेटिंग रूममध्ये त्याने आत्यांना समोर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली. वहिनींनी मूळ परिच्छेद परत घालून दिला होता. त्या दाराशी उभ्या राहिल्या. पाहुणा अडखळत वाचत होता, जोडाक्षरांशी झगडत. आत्या छत्र्यांच्या स्टँडला हसल्या नाहीत. रांगेला हसल्या नाहीत. दाढ आली तेव्हा त्यांचा हात आपसूक गालाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

वाचन संपलं. आत्यांनी जुन्या मासिकांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "कोडी चुकीची नव्हती."

"दोन चुकीची होती," पाहुणा म्हणाला.

"एक." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

"नाही, आत्याबाई."

"मीच पाहिलं," पाहुणा म्हणाला. "रोज समोर बसवता मला. दुसरं काय पाहणार?"

आत्यांनी पदर सारखा केला. टेलिफोन खात्यात त्यांनी लोकांची खूप बोलणी कानांवर घेतली होती, पण त्यांच्याबद्दल एवढं लक्ष देऊन कुणी काही बोललं नव्हतं. हे त्यांनी पुढे कधीतरी वहिनींना सांगितलं. त्या वेळी त्या एवढंच म्हणाल्या, "वाच तू खुशाल. मी पुढच्या रांगेत बसणार. आणि तुझं झालं की मी बोलणार. माझ्यावर लिहितोस तर मलाही तोंड आहे."

"हेच तर पाहिजे," पाहुणा म्हणाला.

वाचनाचा कार्यक्रम ग्रंथालयाच्या वरच्या दालनात होता. लोक नेहमीसारखे आले, शोकसभेला बसावं तसे बसले. काहींनी रुमाल हाताशी ठेवले होते. पाहुण्याने सुरुवात केली, "माझ्या देशात मला सांगितलं, तोंड बंद ठेवा. तुमच्या देशात मी पहिला शब्द शिकलो, तोंड उघडा." कुणी हसलं नाही. एका बाईंनी मान हलवून उसासा टाकला. आधी तो मंत्र्याच्या त्या पुलावर आला, उद्घाटनांवर आला, मग गोष्टीवर. लोकांना हसू येत होतं हे वहिनींना बाजूने दिसत होतं. ओठ थरथरत होते, पण परागंदा माणसाला हसायचं कसं, म्हणून ते आवरत होते. पाहुण्याच्या कपाळावर घाम आला. त्याचा आवाज हळूहळू खाली गेला.

"मोठ्याने वाच," पुढच्या रांगेतून टेलिफोन खात्याचा आवाज आला. "मागे काही ऐकू जात नाहीये. आणि तुम्ही सगळे असे का बसलात? कुणी गेलंय का?"

मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा. मग धरण फुटावं तसं झालं. पाहुणा वाचत गेला आणि लोक हसत गेले, शब्दकोड्यांवर तर त्याला थांबून पाणी प्यावं लागलं. दाढेचा परिच्छेद आला तेव्हा निम्म्या लोकांनी पुढच्या रांगेतल्या म्हातारीकडे पाहिलं. आत्या ताठ बसून होत्या. डॉक्टर मात्र मागच्या रांगेत हसायचे थांबले होते.

टाळ्या ओसरल्यावर आत्या उठल्या. माईक त्यांनी बाजूला केला.

"याने लिहिलं ते बहुतेक खरं आहे," त्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. हा वर राहतो आणि खुर्ची वरखाली करतो. माझी खोली बरोबर त्याच्या खाली. छताची माती माझ्या अंथरुणात पडते. वर्षभर पडली. मी काही बोलले नाही, कारण ती पडतेय तोवर याला काही सुचत नाहीये हे मला कळायचं. या हिवाळ्यात माती पडायची थांबली. मग मी दुपारचा रेडिओ बंद केला. आणि त्या शांततेत यानं काय लिहिलं, तर माझी दाढ."

लोक हसता हसता गप्प झाले आणि गप्प होता होता पुन्हा हसले. पाहुणा हसत नव्हता. त्याने आत्यांकडे पाहत कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली.

मागून डॉक्टर म्हणाले, "आत्या, उद्या सकाळी सगळ्यात आधी तू."

"रांगेत येईन मी. माझ्यासाठी नियम बदलायचे नाहीत."

आणि त्या रांगेत आल्या. स्वतःच्याच वेटिंग रूममध्ये, कण्हणाऱ्यांच्या मधोमध बसल्या, अवाक्षर न काढता. पाळी आली तेव्हा पाहुणा त्यांच्याबरोबर आत गेला. डॉक्टरांनी हात दोनदा धुतले. लहानपणी ज्या बाईने आपला पहिला दुधाचा दात दोऱ्याने ओढला, तिच्या तोंडात हात घालायचा होता. दाढ निघाली. आत्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "झालं? एवढंच?" मग त्या जरा चिडल्याच, इतकी वर्षं भलत्याच गोष्टीला भ्याले म्हणून.

पाहुण्याने नंतर बरंच लिहिलं. वेटिंग रूमच्या गोष्टींचं संस्थेने छोटं पुस्तक काढलं. वहिनी आणि तो दुपारभर एकेका शब्दावर भांडत बसायचे, आणि डॉक्टरांना चहा स्वतः करून घ्यावा लागायचा. पुस्तकाचा मूळ मजकूर त्याच्या देशात पोचला. कुणी छापला नाही, पण माणसं फोनवरून एकमेकांना धाडत राहिली. एके दिवशी बहिणीचा फोन आला. ती पोट धरून हसत होती. तिकडे म्हणे प्रत्येकाची खात्री पटली होती की ती खोली म्हणजे आपलाच देश, आणि आता ती आत्या म्हणजे नेमकं कोण, यावर घराघरांत वाद चालले होते.

"मी सांगितलं, ती खरंच आत्या आहे," पाहुणा फोन ठेवून म्हणाला. "कुणी विश्वास ठेवत नाही."

आत्यांनी विचारलं, "मग कोण म्हणतात मला?"

"काहीजण म्हणतात, पंतप्रधान."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे म्हणतात, त्याच्याही वरचं कुणीतरी."

वेटिंग रूमच्या बाकावर बसलेल्या माणसांवरून आत्यांनी एकदा सावकाश नजर फिरवली, आणि सगळ्यात मोठ्याने कण्हणाऱ्या गृहस्थाला त्या दिवशी, कधी नव्हे ते, आपण होऊन सगळ्यांच्या आधी आत पाठवलं.