नेमकं कोणतं लेफ्ट?

रायपूरजवळच्या सुपेल्यात राहणारी दामिनी मोबाइलवर स्पॅनिश शिकली होती. भाषांतराचं पहिलं काम तिला रायपूरच्या सुजयने दिलं; तो कंपन्यांकडून अशी कामं आणायचा. कुठल्याशा कंपनीच्या अ‍ॅपमधले सुटे इंग्रजी शब्द, त्यांचं स्पॅनिश करायचं. ‘लेफ्ट’पाशी ती अडली.

“आई, लेफ्ट म्हंजे तुले काय वाट्टे?”

“डावं. ऑटोवाल्याले सांगतो नाई का आपन?” शकुबाई कणीक मळता मळता म्हणाली.

बाबा स्टील प्लांटमधून नुकतेच आले होते. “आमच्याकडं ‘साहब लेफ्ट’ म्हंजे साहेब गेले. मंग आमी चहा पितो.”

“उरलेलं बी लेफ्टच ना?” दामिनीचं डोकं गरगरायला लागलं. स्पॅनिशमध्ये तिन्हींना तीन वेगळे शब्द. तिने सुजयला विचारलं. “लेफ्ट मतलब लेफ्ट. जल्दी भेज,” त्याचं उत्तर आलं. तिने ‘इस्किएर्दा’ लिहून पाठवलं. डावीकडे.

महिन्याभराने सुजयचा फोन आला. अ‍ॅप पेरूमधल्या एका शाळेच्या बसचं होतं. बस शाळेतून सुटली की पोराच्या आईच्या फोनवर तो शब्द यायचा. एक बाई ‘डावीकडे’ वाचून रस्ता ओलांडून डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. बस थांबली पलीकडे. आई दिसेना, म्हणून पोरगा बसमध्ये रडत बसला.

दामिनीने लगेच विचारलं, “भेटला का पोरगा?”

“भेटला. अब सही शब्द दे.”

“पन हा शब्द बस सुटल्याचाच का पोरगा उतरल्याचा बी?”

सुजयलाही ते माहीत नव्हतं. “रुक, पूछता हूँ.”

कंपनीचं उत्तर ऐकून दोघंही चक्रावली. दोन्ही वेळा तोच शब्द येत होता: बसने शाळा सोडली तरी ‘लेफ्ट’, पोराने बस सोडली तरी ‘लेफ्ट’.

“एकच शब्द दे, स्क्रीन पे जगह एक ही है,” सुजय म्हणाला.

“नाई जमत. बस निंघाली का पोरगं उतरलं, हे मायले कसं समजन?”

ती अडूनच बसली. शेवटी कंपनीने दोन वेगळे संदेश केले. बस सुटली की ‘सालिओ’, पोर उतरलं की ‘बाहो’. तरी पाठवण्याआधी दामिनीने दोन्ही शब्द परत परत तपासले. आता तिला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता.

“त्या बाईची माफी कोन मांगन?” शकुबाईने विचारलं.

दामिनीने चार ओळी स्पॅनिशमध्ये लिहून सुजयकडे पाठवल्या. त्या बाईपर्यंत पोचल्या की नाही, ते त्याने कधी सांगितलं नाही.